शिक्का, मोर्तब आणि किल्ली
आज्ञावलीवरील अंकीय स्वाक्षरी व तिचे प्रमाणपत्र

तमिळनाडूतील हमरस्त्यांवरून प्रवास करणाऱ्यास ‘कुंभकोणम् डिग्री कॉफी’ अशी पाटी लावलेली उपाहारगृहे जागोजाग आढळतात. पितळी पेल्यातून व डवऱ्यातून मिळणारी ती कॉफी चवदार असते, ह्यात शंका नाही. परंतु पाटी लावणाऱ्यांपैकी पुष्कळांचा कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगराशी कसलाही संबंध नसतो. ‘डिग्री’ ह्या शब्दाचा उगम कसा झाला ह्याविषयी निरनिराळ्या कथा सांगतात. त्यांपैकी एक अशी की, दुधात पाणी मिसळलेले नाही हे दुग्धमापकाच्या अंशांवरून पाहून घेत, आणि अशा निर्भेळ दुधाच्या कॉफीस हे नाव पडले.

ही कथा खरी असो वा नसो, तीत दोन प्रश्न स्पष्टपणे दिसतात. पाटीवरील नाव खरोखर त्याच माणसाचे आहे कशावरून? आणि त्याच्या घरून निघालेला माल आपल्या हाती पडेपर्यंत वाटेत कोणी त्यात काही मिसळले नाही कशावरून? संगणकाच्या आज्ञावलीविषयी, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात प्रोग्रॅम किंवा सॉफ्टवेअर म्हणतो त्याविषयी, हेच दोन प्रश्न उद्भवतात. त्यांना दिलेले उत्तर म्हणजे आज्ञावलीवरील अंकीय स्वाक्षरी, अर्थात ‘कोड सायनिंग’, आणि त्या स्वाक्षरीस आधार देणारे प्रमाणपत्र. ह्या पुस्तिकेत त्या दोहोंची ओळख करून घ्यावयाची आहे.

अज्ञात प्रकाशक

समजा, कुंभकोणम् येथे राहणाऱ्या एका तरुणाने जवळच्या तिरुभुवनम् गावातील रेशमी साड्या विणणाऱ्यांसाठी हिशेबाची एक आज्ञावली लिहिली. तो कोणत्याही कंपनीचा नोकर नाही. घरी बसून, स्वतःच्या संगणकावर, रात्री जागून त्याने ती सिद्ध केली आहे. आता ती विणकरांनी आपापल्या संगणकावर उतरवून घ्यावी, एवढीच त्याची इच्छा आहे.

परंतु पहिलाच विणकर ती आज्ञावली चालवू पाहतो तोच विंडोज प्रणाली पडद्यावर एक इशारा झळकवते. आज्ञावलीचा प्रकाशक अज्ञात आहे, ती चालविल्यास संगणकास धोका पोहोचू शकेल, असा त्याचा आशय असतो. विणकर साहजिकच घाबरतो आणि ती पुसून टाकतो. त्या तरुणाच्या आज्ञावलीत दोष काहीच नाही. दोष एवढाच की, तो कोण आहे हे त्या यंत्रास ठाऊक नाही.

ह्या इशाऱ्याबद्दल यंत्रास दूषण देणे योग्य नव्हे. आज्ञावली ही पुस्तकासारखी वाचून पारखता येत नाही. ती लाखो अंकांच्या रूपात येते, आणि एकदा चालू केली की संगणकातील कागदपत्रे, पैशांचे व्यवहार, खासगी पत्रव्यवहार ह्या सर्वांपर्यंत तिचा हात पोहोचू शकतो. तेव्हा दारावरील माणसास आत घेण्यापूर्वी त्याचे नाव विचारणे हा शहाणपणाच होय.

शिक्का आणि मोर्तब

हा प्रश्न नवा नाही. कुंभकोणम् पासून सुमारे चाळीस किलोमीटरवर तंजावर आहे. तेथे १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता होती, आणि तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात त्या राजवटीचे मोडी लिपीतील कागद आजही जतन करून ठेवलेले आहेत. मराठी दरबारांतील असा एखादा कागद पाहिला, तर त्यावर दोन प्रकारचे ठसे आढळतात. आरंभी असतो तो शिक्का. कागद कोणाच्या अधिकाराने निघाला हे तो सांगतो. मजकूर जेथे संपतो तेथे लहानसे मोर्तब असते. ‘लेखनाची मर्यादा येथे झाली’ असा त्याचा अर्थ. मोर्तबाच्या पुढे कोणी एखादी ओळ घुसडली, तर ती बनावट आहे हे कारकुनास तत्काळ कळे.

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज सहजपणे वापरतो, पण त्यात दोन निराळी कामे जोडलेली आहेत. नाव सिद्ध करणे हे शिक्क्याचे काम, आणि मजकूर अखंड राखणे हे मोर्तबाचे. अंकीय स्वाक्षरीस ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतात. फरक एवढाच की, लाखेचा किंवा शाईचा ठसा प्रत्येक कागदावर सारखाच उमटतो, आणि म्हणून तो चोरून दुसऱ्या कागदावर उमटविता येतो. अंकीय स्वाक्षरी मात्र प्रत्येक मजकुराबरोबर बदलते. ती एका आज्ञावलीवरून उचलून दुसरीवर चिकटविता येत नाही. हे कसे साधते ते आता पाहू.

मजकुराचा ठसा

पहिली युक्ती अशी. आज्ञावली कितीही मोठी असो, तिच्यातील सर्व अंकांवर एक ठरावीक गणिती क्रिया करून त्यांतून एक लहान, ठरावीक लांबीची संख्या काढतात. तिला ‘हॅश’ म्हणतात. आपण तिला मजकुराचा ठसा म्हणू. आज सर्वत्र रूढ असलेल्या ‘एसएचए-२५६’ ह्या पद्धतीत हा ठसा २५६ द्विमान अंकांचा असतो. अशा ठशांची एकूण संख्या दशमान पद्धतीत लिहू गेल्यास अठ्ठ्याहत्तर अंकी होते.

ह्या ठशाचे वैशिष्ट्य असे की, मूळ आज्ञावलीत एका अंकाचा जरी फरक केला तरी ठसा पार बदलून जातो. शिवाय एखादा ठसा हाती घेऊन, तोच ठसा देईल असा दुसरा मजकूर रचणे हे व्यवहारतः अशक्य असते. दुधात थेंबभर पाणी पडताच दुग्धमापकाचा काटा एका टोकाहून दुसऱ्या टोकास जावा, तसाच हा प्रकार होय.

ठसा काढण्याची पद्धत मात्र सबळ असावी लागते. ‘एमडी-५’ नावाची जुनी पद्धत पुढे दुबळी ठरली. २०१२ साली उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ नामक हेरगिरीच्या आज्ञावलीने त्याच दुबळेपणाचा लाभ घेऊन स्वतःवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असल्याचा आभास निर्माण केला होता.

दोन किल्ल्या

केवळ ठशाने काम भागत नाही. कारण ठसा काढण्याची रीत सर्वांस ठाऊक असते. भेसळ करणारा मनुष्य भेसळीचा नवा ठसा काढून तोच जोडून देईल. म्हणून ठशावर अशी काही प्रक्रिया व्हावयास हवी की जी एकालाच करता येईल, परंतु ती झाली आहे की नाही हे सर्वांना पडताळता येईल. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन ह्यांनी ह्या कल्पनेची मांडणी केली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्या तिघांनी तिला संख्या-सिद्धांतातील एक सोपे रूप दिले. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीस ‘आरएसए’ म्हणतात.

शाळेतील विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन पुढील उदाहरण स्वतः करून पाहावे. ३ आणि ११ ह्या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ३३. आता प्रत्येकीतून एक वजा करा. २ आणि १० उरतील, त्यांचा गुणाकार २०. एक घातांक निवडा, समजा ३. ज्या संख्येला ३ ने गुणून २० ने भागले असता बाकी १ उरेल अशी संख्या शोधा. ती ७ आहे, कारण ३ गुणिले ७ म्हणजे २१. आता ३३ आणि ३ ही जोडी जगास जाहीर करा. ही जाहीर किल्ली. ७ हा आकडा मात्र कोणासही सांगू नका. ती गुप्त किल्ली.

समजा, आज्ञावलीचा ठसा ४ आला. स्वाक्षरी करण्यासाठी ४ चा सातवा घात करा. तो १६,३८४ येतो. त्यास ३३ ने भागा. बाकी १६ उरते. ही झाली स्वाक्षरी. आज्ञावलीबरोबर १६ हा आकडा पाठवून द्या. ती ज्याच्या हाती पडेल तो जाहीर किल्ली वापरून १६ चा तिसरा घात करील. तो ४,०९६ येतो. त्यास ३३ ने भागले की बाकी ४ उरते. तो स्वतः काढलेल्या ठशाशी ताडून पाहील. दोन्ही ४ असल्यास मजकूर अखंड आहे आणि स्वाक्षरी सात आकडा जाणणाऱ्याचीच आहे. वाटेत कोणी आज्ञावली बदलली असेल तर तिचा ठसा ४ न येता काही निराळाच येईल, आणि लबाडी उघडी पडेल.

लबाडी करणाऱ्यास नवी स्वाक्षरी रचावयाची तर त्याला ७ हा आकडा हवा. त्यासाठी २० हवेत, आणि २० मिळण्यासाठी ३३ चे मूळ अवयव हवेत. ३३ चे अवयव लहान मूलही सांगेल. परंतु आज्ञावलीवरील स्वाक्षरीसाठी आरएसए पद्धतीत किमान ३,०७२ द्विमान अंकांची, म्हणजे दशमान पद्धतीत सुमारे ९२५ अंकांची संख्या वापरावी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी अशा एका संख्येचे अवयव पाडले. एकाच प्रक्रियकाने ते काम केले असते तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती. ९२५ अंकांची गोष्ट तर बोलावयासच नको.

येथे कुंभकोणम् नगराचे स्मरण निराळ्या कारणाने होते. श्रीनिवास रामानुजन् ह्यांचे बालपण व शिक्षण ह्याच गावी झाले. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील त्यांचे घर आज स्मारक म्हणून जपले आहे. १९१५ साली त्यांनी अतिसंयुक्त संख्यांवर, म्हणजे १२, २४, ६०, १२० अशा आपल्याहून लहान असलेल्या सर्व संख्यांपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या संख्यांवर, एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी हार्डी आणि रामानुजन् ह्यांनी मिळून दाखवून दिले की, सर्वसाधारण संख्येचे निरनिराळे मूळ अवयव किती असतात ह्याचा अंदाज तिच्या लॉगॅरिदमच्या लॉगॅरिदमवरून करता येतो. त्या हिशेबाने ९२५ अंकी सर्वसाधारण संख्येस सात-आठ निरनिराळे मूळ अवयव असतात. स्वाक्षरीसाठी योजलेल्या संख्येस मात्र दोनच, आणि दोन्ही शेकडो अंकी. रामानुजन् ज्या सहज दुभंगणाऱ्या संख्यांत रमले, त्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाची ही संख्या होय. त्यांच्या संशोधनातून आरएसए निघाली असे नव्हे. परंतु ज्या प्रांतात ती उभी आहे त्या प्रांतात त्यांनी फार पूर्वी पाऊल टाकलेले होते.

किल्ली कोणाची?

एवढे झाले तरी एक छिद्र उरतेच. स्वाक्षरी अमुक किल्लीच्या धन्याची आहे हे गणित सांगते. तो धनी कोण हे गणित सांगत नाही. कोणीही तोतया नवी किल्ली तयार करून तिच्यावर दुसऱ्याचे नाव लिहू शकेल. म्हणून किल्ली आणि माणूस ह्यांची गाठ घालून देणारा तिसरा विश्वासू लागतो. त्यास प्रमाणन-संस्था म्हणतात. ती अर्जदाराची ओळख तपासते, आणि त्याचे नाव, त्याची जाहीर किल्ली, मुदत व उपयोगाचा उद्देश एका पत्रात लिहून त्या पत्रावर आपली स्वतःची अंकीय स्वाक्षरी करते. हेच प्रमाणपत्र.

मग त्या संस्थेवर विश्वास कोणी ठेवावा? विंडोज, मॅक इत्यादी प्रणालींमध्ये विश्वसनीय मूळ संस्थांची एक यादी आधीच घातलेली असते. तुमच्या संगणकाचा सर्व विश्वास शेवटी त्या यादीपाशी जाऊन थांबतो. यादीत कोण असावे हे मायक्रोसॉफ्ट, ॲपल यांसारख्या कंपन्या ठरवितात. ह्या यादीत भारतीय संस्थाही आहे. बंगळूर येथील ‘ईमुद्रा’ हे त्याचे उदाहरण. तिच्या नावातच आपला जुना शब्द आलेला आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ह्या कायद्यान्वये आपल्या देशात अंकीय स्वाक्षरीस मान्यता मिळाली, आणि प्रमाणन-संस्थांस परवाने देणारे नियंत्रक कार्यालय स्थापन झाले. आयकराची विवरणपत्रे, निविदा, कंपन्यांची कागदपत्रे ह्यांवर सही करण्यासाठी मिळणारी ‘डीएससी’ पुष्कळांच्या परिचयाची आहे. कुंभकोणम् असो की कोल्हापूर, कोणत्याही हिशेबतपासनिसाच्या खणात तिची छोटी यूएसबी चकती सापडेल. तिच्यामागील गणित हेच आहे. तरीही तिने आज्ञावलीवर स्वाक्षरी करता येत नाही. कारण प्रमाणपत्रातील उद्देशाच्या रकान्यात तसे लिहिलेले नसते, आणि कागदपत्रांसाठी कायद्याने मानलेला विश्वास व प्रणालीच्या यादीतील विश्वास ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलाठ्याचा शिक्का कितीही खरा असला तरी तो पारपत्रावर चालत नाही, तसेच हे.

प्रमाणपत्र मिळविण्याची रीत

आता आपल्या कल्पित तरुणाकडे परत येऊ. त्यास विंडोजसाठी प्रमाणपत्र घ्यावयाचे आहे. त्याच्यापुढे तीन प्रकार असतात. पहिला व्यक्तीच्या नावे, दुसरा संस्थेच्या नावे, आणि तिसरा विस्तृत पडताळणीचा. तिसरा प्रकार नोंदणीकृत व्यवसायासाठीच असतो. एकट्या व्यक्तीस तो मिळत नाही. पूर्वी त्याने स्वाक्षरी केलेली आज्ञावली विंडोजच्या इशाऱ्यातून तत्काळ सुटे. २०२४ पासून ती सवलतही उरलेली नाही. म्हणून एकट्याने पहिल्या प्रकाराचाच विचार करणे सोयीचे. उद्यम किंवा वस्तू व सेवा कर ह्यांसारखी सरकारी नोंदणी असल्यास दुसऱ्या प्रकाराचा मार्ग मोकळा होऊ शकतो.

पुढची पायरी ओळख पटविण्याची. छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दूरध्वनीवरून किंवा दृक्-श्राव्य भेटीतून पडताळणी, असे तिचे स्वरूप असते. येथे तमिळनाडूतील अर्जदारास एक विशेष अडचण येते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशी तीन पदे असतात. तमिळ रीतीत बहुधा आडनाव नसते. वडिलांच्या किंवा गावाच्या नावाचे आद्याक्षर आधी लावून पुढे स्वतःचे नाव लिहितात. ‘एस. रामानुजन्’ ह्यातील ‘एस’ म्हणजे वडिलांचे श्रीनिवास हे नाव. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांनीही हीच चाल उचलली. १८२८ साली कुंभकोणम् येथे जन्मलेले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे ह्या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव ह्यांच्या नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर. आता परदेशी संस्थेचा अर्ज ‘पहिले नाव’ व ‘आडनाव’ असे दोन रकाने मांडतो. पारपत्रावर आद्याक्षराचा विस्तार केलेला असतो, बँकेच्या पुस्तकात केवळ आद्याक्षर, आणि पॅनपत्रावर आणखी तिसराच क्रम. कागदांवरील नावे अक्षरशः जुळली नाहीत तर अर्ज अडकून पडतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी सर्व कागदांवरील नाव एकसारखे करून घेणे ही पहिली दक्षता होय.

हेही ध्यानात ठेवावे की, प्रमाणपत्रावर हौसेने घेतलेले टोपणनाव येत नाही. कायदेशीर नावच येते, आणि बहुधा त्यासोबत गाव व राज्यही. आज्ञावली उतरवून घेणाऱ्या प्रत्येकास ते दिसते. घरातून काम करणाऱ्याने ह्याचा आधीच विचार केलेला बरा.

तिसरी पायरी किल्ली घडविण्याची. पूर्वी गुप्त किल्ली संगणकाच्या तबकडीवर साध्या फायलीत ठेवता येई. १ जून २०२३ पासून प्रमाणन-संस्थांच्या सामाईक नियमांनी ते बंद केले. आता किल्ली सुरक्षित यंत्रातच घडावी व राहावी लागते. हे यंत्र टपालाने येणारी यूएसबी चकती असेल, अथवा दूर ठिकाणी ठेवलेले आणि महाजालातून वापरावयाचे सुरक्षित उपकरण असेल. त्यातून स्वाक्षरी बाहेर पडते, किल्ली कधीच बाहेर पडत नाही.

चौथी पायरी प्रत्यक्ष स्वाक्षरीची, आणि तिच्याबरोबरच कालमुद्रेची. प्रमाणपत्रास मुदत असते. ती पूर्वी ३९ महिन्यांपर्यंत असे. मार्च २०२६ पासून ४६० दिवसांहून अधिक देता येत नाही. मुदत संपली की आज्ञावलीवरील जुन्या स्वाक्षऱ्याही निरुपयोगी व्हाव्यात काय? तसे होऊ नये म्हणून एक त्रयस्थ संस्था स्वाक्षरीवर दिनांक-वेळेचा स्वतःचा अंकीय शिक्का मारते. स्वाक्षरी झाली तेव्हा प्रमाणपत्र जिवंत होते, एवढे त्यावरून सिद्ध होते, आणि स्वाक्षरी पुढेही ग्राह्य राहते. कालमुद्रा न लावणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असते, आणि ती मुदत संपल्यावरच कळते.

इतके करूनही पहिल्या दिवशी इशारा पूर्णपणे नाहीसा होईलच असे नाही. विंडोज प्रणाली स्वाक्षरीखेरीज लौकिकही पाहते. किती जणांनी ही आज्ञावली घेतली, तक्रार आली काय, ह्याचा ती हिशेब ठेवते. नव्या दुकानदारासारखीच काही काळ वाट पाहावी लागते. तरी स्वाक्षरीमुळे एक लाभ होतो: मिळविलेला लौकिक नावावर जमा होत जातो. स्वाक्षरी नसेल तर प्रत्येक नव्या आवृत्तीस पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागतो.

किल्ली चोरीस गेली तर

२०१० साली ‘स्टक्सनेट’ नावाची विध्वंसक आज्ञावली उघडकीस आली. इराणमधील अणुइंधन समृद्ध करणारी यंत्रे बिघडविण्यासाठी ती रचलेली होती. तिच्या काही भागांवर तैवानमधील रिअलटेक व जेमायक्रॉन ह्या दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या खऱ्या स्वाक्षऱ्या होत्या. त्यांच्या गुप्त किल्ल्या चोरीस गेल्या होत्या. संगणकाने स्वाक्षरी तपासली, ती खरी निघाली, आणि दार उघडले.

चूक प्रमाणन-संस्थेकडूनही होऊ शकते. जानेवारी २००१ मध्ये व्हेरिसाइन ह्या संस्थेने मायक्रोसॉफ्टचा प्रतिनिधी असल्याची बतावणी करणाऱ्या इसमास त्या कंपनीच्या नावाची दोन प्रमाणपत्रे देऊन टाकली. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले, आणि प्रणालींना त्यांवरील विश्वास काढून घ्यावा लागला.

अशा प्रसंगी प्रमाणपत्र रद्द करतात, व रद्द प्रमाणपत्रांची यादी प्रसिद्ध करतात. किल्ली हरवली, चोरीस गेली किंवा नुसती शंका आली, तरी ती लपवून न ठेवता तत्काळ कळविणे हे किल्ली बाळगणाऱ्याचे कर्तव्य होय. लाजेपोटी दवडलेला एक दिवस हजारो संगणकांस भोवू शकतो.

एकट्याची अडचण

ह्या व्यवस्थेची किंमत कोण मोजतो, हाही प्रश्न विचारावयास हवा. प्रमाणपत्राचे दर बहुधा डॉलरात असतात, आणि दरवर्षी शेकडो डॉलर खर्च होऊ शकतात. ॲपलच्या प्रणालीसाठी वर्षास ९९ डॉलर भरून त्या कंपनीकडेच नोंद करावी लागते. शिवाय २०१९ च्या मॅक आवृत्तीपासून प्रत्येक आज्ञावली वितरणापूर्वी तपासणीसाठी तिच्याकडे पाठविणे प्राप्त झाले. मोठ्या कंपनीस ही रक्कम जाणवतही नाही. विणकरांस फुकट हिशेबाचे साधन देऊ पाहणाऱ्या तरुणास मात्र ती जड जाते. चोरांपासून रक्षण करणारे कुंपण होतकरूंनाही बाहेर ठेवू शकते, ही ह्या व्यवस्थेतील खरी उणीव होय.

काही वाटा उपलब्ध आहेत. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या भांडारातून आज्ञावली दिल्यास तिच्या ठरावीक पुडक्यावर ती कंपनीच स्वाक्षरी करते; व्यक्तींसाठी त्या भांडारातील नोंदणीचे शुल्कही २०२५ साली काढून टाकण्यात आले. ज्यांचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे अशा आज्ञावलींसाठी ‘साइनपाथ फाउंडेशन’ विनामूल्य स्वाक्षरी करून देते, आणि पोलंडमधील ‘सर्टम’ ही संस्था कमी दराने प्रमाणपत्र देते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेबियन’ ह्या लिनक्स प्रकल्पात तर कोणत्याही कंपनीकडून प्रमाणपत्र विकत घ्यावे लागत नाही. तेथील मंडळी एकमेकांस प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्रे पाहून, एकमेकांच्या किल्ल्यांवर स्वाक्षऱ्या करतात. गावात नवा आलेला माणूस ओळखीच्या दोघांनी सोबत आणला की त्याच्यावर विश्वास बसतो, त्याचेच हे अंकीय रूप आहे.

स्वाक्षरी काय सांगत नाही

शेवटी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. स्वाक्षरी नाव सांगते, आणि मजकूर अखंड असल्याचे सांगते. आज्ञावली चांगली आहे, निर्दोष आहे, उपयोगी आहे, ह्यांपैकी काहीच ती सांगत नाही. २०२० साली ‘सोलरविंड्स’ ह्या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यातच घुसून कोणी आज्ञावलीत विष कालविले. कंपनीने नेहमीप्रमाणे तिच्यावर खरी स्वाक्षरी केली, आणि ती हजारो ग्राहकांकडे गेली. दुधात पाणी गोठ्यातच पडले असेल, तर डब्यावरील मोहोर त्याविषयी काय सांगणार?

१६ जानेवारी १९१३ ह्या दिवशी मद्रास बंदराच्या हिशेब खात्यातील एका कारकुनाने केंब्रिजमधील हार्डी ह्यांस एक पत्र पाठविले. पत्रावर कोणाचा शिक्का नव्हता, पाठीशी पदवी नव्हती, खाली केवळ एस. रामानुजन् हे नाव होते. त्यांनी इतर गणितज्ञांसही लिहिले होते. तेथून काही निष्पन्न झाले नव्हते. हार्डी ह्यांनी मात्र लिटलवूड ह्यांच्यासह बसून सूत्रे वाचली, आणि ती लिहिणारा थोर गणिती आहे हे ओळखले. पत्र स्वतःच स्वतःचा पुरावा ठरले, कारण ते वाचू शकणारा मनुष्य त्यांना भेटला.

आज्ञावली घेणाऱ्या सामान्य माणसास ते वाचन शक्य नसते. म्हणून त्यास स्वाक्षरीचा आधार लागतो, आणि तो आधार स्वस्त, सुलभ व निःपक्षपाती असला पाहिजे. ह्यापुढे पडद्यावर ‘अज्ञात प्रकाशक’ असा इशारा दिसला, तर वाचकाने घाईने पुढे जाऊ नये. आणि घाईने त्या अज्ञातास चोरही ठरवू नये. आज्ञावली कोठून आली, तिच्या कर्त्याचा ठावठिकाणा काय, हे आधी विचारावे. खात्री पटेपर्यंत ती चालवू नये. आणि कर्ता आपल्या ओळखीचा असल्यास, त्याला ही पुस्तिका वाचावयास द्यावी.